बर्फाचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर आणि लाकडाचा भुसा



चैत्रात जोतिबाची यात्रा असते. आमच्या वारणानगर भागातून माणसं चालत, ट्रॅक्टर-ट्रॉलीतून, मिळेल त्या गाडीनं डोंगरावर जातात. ऊन मी म्हणत असतं. वर पोचल्यावर लहान मुलांची नजर आधी बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवर जाते. पुढच्या वेळी मुलांना गोळ्याच्या रंगाऐवजी त्या गाडीच्या खाली बघायला सांगा. बर्फाची लादी तिथं गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात पुरून ठेवलेली असते. लागेल तेवढा तुकडा फोडायचा, त्याचा भुसा पाण्यानं धुवायचा आणि रंध्यावर किसायचा. उरलेली लादी परत भुशात.

'उष्णतेचे सुवाहक आणि दुर्वाहक' शिकवताना वर्गात एक प्रश्न जरूर विचारून बघा. बर्फाचे दोन सारखे तुकडे आहेत. एक ताटलीत उघडा ठेवला, दुसरा घोंगड्यात गुंडाळला. आधी कुठला वितळेल? बरीच मुलं ठामपणे घोंगड्यातला म्हणतात, कारण घोंगडं गरम असतं. थंडीत आपण पांघरतो, ऊब येते, म्हणजे घोंगडं उष्णता देतं असा त्यांचा हिशेब. मोठ्या माणसांनाही विचारा, थोडा वेळ तीसुद्धा अडखळतात. खरं तर घोंगडं काहीच देत नाही. ते फक्त वाट अडवतं. आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची आत येऊ देत नाही. म्हणून तेच घोंगडं चहाची किटली गरम ठेवतं आणि बर्फही टिकवतं.

ही साधी गोष्ट एका माणसानं पैसा, अब्रू आणि उमेदीची दहा-पंधरा वर्षं घालवून शिकून घेतली. त्याचा बर्फ १८३३ मध्ये अमेरिकेतून कोलकात्याला पोचला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचा बर्फ मुंबईतही आला. त्याचं नाव फ्रेडरिक ट्यूडर. पाश्चात्त्य देशांत त्याला बर्फाचा राजा म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकात तो नाही, पण दुर्वाहकांच्या पाठाला त्याच्याइतकी चांगली गोष्ट मला तरी दुसरी सापडलेली नाही.

शाळा सोडलेला मुलगा

फ्रेडरिकचा जन्म ४ सप्टेंबर १७८३ रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात झाला. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपवणाऱ्या तहावर पॅरिसमध्ये आदल्याच दिवशी सह्या झाल्या होत्या. वडील विल्यम ट्यूडर नावाजलेले वकील. युद्धात त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यात कायदेविषयक अधिकारी म्हणून काम केलं होतं. घरात पैसा, मान, पुस्तकं सगळं होतं. भाऊ हार्वर्डला शिकले. थोरला भाऊ विल्यम पुढं एका मोठ्या मासिकाचा संपादक झाला. फ्रेडरिकनं मात्र तेराव्या वर्षी शाळा सोडली. अभ्यास जमत नव्हता असं नाही, त्याला तो वेळ वाया जातोय असं वाटायचं. दुकानात काम करायचं, व्यापार करायचा, एवढंच डोक्यात.

बोस्टनच्या उत्तरेला सॉगस इथं ट्यूडरांचं शेत होतं आणि तिथं एक तळं होतं. हिवाळ्यात तळं गोठायचं. त्या भागातली श्रीमंत घरं तळ्यातला बर्फ कापून जमिनीखालच्या बर्फघरात साठवायची आणि उन्हाळ्यात सरबतात, आईस्क्रीममध्ये वापरायची. म्हणजे बर्फ साठवण्याची कल्पना काही ट्यूडरची नव्हे. मुलांना सांगताना हे स्पष्ट सांगावं, नाहीतर सगळं जग एकाच माणसानं शोधलं अशी त्यांची समजूत होते.

१८०१ मध्ये त्याचा भाऊ जॉन हेन्री आजारी पडला. उबदार हवेनं बरं वाटेल म्हणून फ्रेडरिक त्याला क्युबा बेटावरच्या हवाना शहरात घेऊन गेला. तेव्हा फ्रेडरिकचं वय सतरा. तिथल्या दमट उकाड्यानं दोघंही हैराण झाले. भाऊ बरा झाला नाही, १८०२ मध्ये तो वारला. घरी उन्हाळ्यात थंड सरबत प्यायची सवय असलेल्या या पोरानं आजारी भावाच्या उशाशी बसून तो उकाडा सोसला होता. पुढं तो पुन्हा पुन्हा हवानाला का जात राहिला, याचं थोडं उत्तर मला इथं दिसतं.

१८०५ च्या उन्हाळ्यात थोरला भाऊ विल्यम सहज थट्टेनं म्हणून गेला की आपल्या तळ्यातला बर्फ उष्ण देशांत नेऊन विकला तर काय होईल. विल्यम ते विसरला. फ्रेडरिकनं मात्र वही आणली आणि ऑगस्टपासून बर्फाच्या धंद्याची रोजनिशी लिहायला सुरुवात केली.

पहिलं जहाज

पहिली अडचण जहाजाची. पाण्याच्या जहाजात पाणीच भरून न्यायचं, हे कुणालाच पटेना. वाटेत बर्फ वितळला तर बाकीचा माल भिजणार, जहाज डगमगणार, अशी मालकांना भीती. शेवटी त्यानं स्वतःच 'फेव्हरिट' नावाचं जहाज विकत घेतलं. फेब्रुवारी १८०६ मध्ये सुमारे १३० टन बर्फ गवतात भरून ते कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटाकडं निघालं. बोस्टनच्या वर्तमानपत्रानं ही बातमी छापताना टोमणा मारायची संधी सोडली नाही. फ्रेडरिक तेव्हा बावीस वर्षांचा होता.

तीन आठवड्यांनी जहाज पोचलं आणि गंमत म्हणजे बर्फ चांगल्या स्थितीत पोचला. घात झाला तो किनाऱ्यावर. मार्टिनिकमध्ये बर्फघर नव्हतं. बर्फ थेट जहाजावरूनच विकावा लागला. घेणाऱ्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. कुणी तो उघड्यावर ठेवला, कुणी पाण्यात घातला, आणि मग वितळला म्हणून तक्रार केली. एका बागेतल्या उपाहारगृहाच्या मालकाला ट्यूडरनं स्वतः आईस्क्रीम करून दाखवलं. ते खपलंही. पण तोवर बाकीचा बर्फ थेंबाथेंबानं संपत होता. हिशेब झाला तेव्हा तोटा तीन-चार हजार डॉलरच्या घरात गेला होता.

दुसरा कुणी असता तर समुद्रप्रवासात बर्फ टिकत नाही असं म्हणून घरी बसला असता. ट्यूडरनं रोजनिशीतल्या नोंदी पाहिल्या आणि त्याला दिसलं की प्रवासात बर्फ टिकला होता. टिकला नव्हता तो जमिनीवर. एखादा प्रयोग फसला की तो नेमका कुठल्या पायरीला फसला हे शोधायचं, हे आपण मुलांना तोंडानं सांगतो. इथं ते करून दाखवणारा माणूस आहे.

पुढची वर्षं वाईट गेली. १८०७ च्या अखेरीस अमेरिकेनंच परदेशी व्यापारावर बंदी घातली. वडिलांचा पैसा जमिनीच्या व्यवहारात बुडाला, त्यामुळं घरचा आधारही गेला. १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध सुरू झालं आणि जहाजं बंदरात अडकली. कर्ज फेडता येईना. त्या काळी कर्ज थकलं की तुरुंग. १८१२ मध्ये आणि पुन्हा १८१३ मध्ये ट्यूडर कर्जापायी कोठडीत गेला. नावाजलेल्या वकिलाचा मुलगा, वय तिशीच्या आसपास, आणि गावात ओळख काय तर बर्फ विकायला निघालेला वेडा.

हवानातलं बर्फघर

१८१५ मध्ये उसन्या पैशावर तो पुन्हा हवानाला गेला. या वेळी बर्फाआधी त्यानं बर्फघराचं लाकडी सामान नेलं. क्युबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. तिथल्या सरकारकडून बर्फविक्रीचा एकट्याचा हक्क त्यानं मिळवला आणि दुहेरी भिंतींचं बर्फघर उभं केलं. एका लाकडी भिंतीच्या आत दुसरी भिंत, आणि मधल्या पोकळीत भरण.

भरण कशाचं करायचं, हा सगळा प्रश्न होता. आपल्या पाठाच्या दृष्टीनं ट्यूडरच्या आयुष्यातला हाच सर्वांत महत्त्वाचा भाग. गवत, पेंढा, लाकडाच्या ढलप्या, भुसा, भाताचं तूस, घोंगड्या, असं काय काय त्या काळी बर्फ झाकायला वापरून पाहिलं गेलं. ट्यूडर कुणाच्या सांगण्यावर थांबला नाही. हातात घड्याळ घेऊन तो बर्फघरापाशी उभा राहायचा आणि वितळून बाहेर येणारं पाणी मोजायचा. दार उघडलं की किती पाणी, बंद ठेवलं की किती, वरून झाकण घातलं की किती. थर्मामीटर आत खुपसण्यापेक्षा ही पद्धत जास्त हुशारीची होती. वितळणाऱ्या बर्फाचं तापमान शून्य अंशच राहतं, त्यावरून काही कळत नाही. आत किती उष्णता शिरली हे कळतं ते बाहेर आलेल्या पाण्यावरून.

वरच्या वर्गाला हे आकड्यांत सांगता येईल. एक किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवायला साधारण तेवढीच लागते. म्हणजे ट्यूडरच्या मोरीतून वाहिलेला एकेक किलो पाण्याचा थेंब-थेंब भिंतीतून चोरपावलांनी शिरलेल्या ३३४ किलोज्यूल उष्णतेची पावती होता. अप्रकट उष्मा ही कल्पना जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञानं अठराव्या शतकातच मांडली होती. ट्यूडरला शास्त्रापेक्षा आपला माल वाचवायची घाई होती, पण माप त्यानं योग्यच निवडलं.

सुरुवातीला बर्फघरातला निम्म्याहून जास्त बर्फ हंगामात वाया जायचा. अशा सुधारणा करत करत ही घट त्यानं दहा टक्क्यांच्या आत आणली. कालांतरानं भरणासाठी लाकडाच्या भुशाची निवड पक्की झाली.

भुसाच का? लाकूड मुळात दुर्वाहक आहेच, पण खरं काम भुशाच्या कणांमध्ये अडकलेली हवा करते. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ आहे, पाण्याची ०.६ आणि तांब्याची जवळजवळ ४०० (वॅट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात). हवा इतकी चांगली दुर्वाहक असेल तर नुसती रिकामी पोकळी का ठेवू नये, असं एखादं हुशार पोरगं विचारेलच. मोकळ्या पोकळीतली हवा स्थिर राहत नाही. एका भिंतीशी तापून वर चढते, दुसऱ्या भिंतीशी थंड होऊन खाली येते आणि फिरता फिरता उष्णता पोचवते. हे अभिसरण. भुसा त्या हवेला छोट्या छोट्या कप्प्यांत कोंडून ठेवतो. लोकर, पिसं, पेंढा, थर्माकोल सगळ्यांचं गुपित हेच. अट एकच, भरण कोरडं पाहिजे. भिजलं की हवेची जागा पाणी घेतं आणि पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून वितळलेलं पाणी लगेच बाहेर काढून देणं हे बर्फघरात भुशाइतकंच महत्त्वाचं.

आणखी एक गोष्ट. बर्फाचा ढीग जितका मोठा तितका तो जास्त टिकतो. लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर बर्फ आठपट होतो, पण उष्णता शिरायची बाहेरची बाजू चौपटच होते. घनाचा आणि पृष्ठफळाचा धडा गणिताच्या तासाला चालू असेल तर याच दिवशी घ्या.

भुशाची खरी गंमत त्याच्या किमतीत होती. अमेरिकेच्या ईशान्येला लाकूड कापायच्या गिरण्या भरपूर. त्यांचा भुसा नदीत सोडून द्यायचे. म्हणजे बर्फ तळ्यातून फुकट, भुसा गिरणीतून जवळजवळ फुकट, आणि हिवाळ्यात बंदरात रिकामी उभी असलेली जहाजं स्वस्त. कुणालाच नको असलेल्या तीन गोष्टी एकत्र करून हा माणूस धंदा उभा करत होता.

सगळंच जमलं असं मात्र नाही. १८१६ मध्ये त्याला वाटलं, जाताना बर्फ नेतो तर येताना जहाज रिकामं कशाला आणायचं? जबर व्याजानं पैसे काढून त्यानं क्युबातली लिंबं, संत्री, केळी बर्फात आणि गवतात भरून न्यूयॉर्ककडं पाठवली. जवळजवळ सगळी सडली. ओलावा, कोंदट हवा आणि फळांची स्वतःची उष्णता यांचा हिशेब त्यात नव्हता. अंगावर आणखी काही हजार डॉलरचं कर्ज.

गिऱ्हाईक घडवणं

दक्षिण अमेरिकेत नव्हे, तर अमेरिकेच्याच दक्षिण भागात चार्ल्सटन, सव्हाना, न्यू ऑर्लिन्स इथं त्यानं पुढं बर्फघरं काढली. तिथं त्याची युक्ती बघण्यासारखी आहे. पेयं विकणाऱ्या दुकानदारांना तो काही काळ बर्फ फुकट द्यायचा. अट एवढीच, की थंड आणि साधं पेय एकाच भावात विकायचं. एकदा जिभेला थंडाची सवय लागली की माणूस कोमट पेयाकडं परत वळत नाही, हे त्यानं बरोबर ओळखलं होतं. आज जाहिराती हेच करतात. पालकांनी मुलांशी या अंगानंही बोलायला हरकत नाही.

माणूस म्हणून ट्यूडर फार गोड नव्हता. हट्टी, तापट, भांडकुदळ. दुसरा कुणी बर्फ घेऊन बंदरात आला तर हा आपला भाव इतका पाडायचा की त्याचा माल विकला जाण्याआधी वितळून जावा. स्वतःकडं चांगलं बर्फघर असल्यामुळं त्याला थांबायला परवडायचं, दुसऱ्याला नाही. आणि हवाना काय, चार्ल्सटन काय, तिथली श्रीमंती गुलामांच्या घामावर उभी होती. क्युबाचा पैसा उसाचा. ऊस आमच्या वारणा खोऱ्यातही आहे, पण इथं तो शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्यात जातो. तिथं तो गुलाम तोडायचे आणि थंड सरबत मळेवाले प्यायचे. चरित्र सांगताना ही बाजू गाळू नये असं मला वाटतं.

१८२५ च्या सुमारास नॅथॅनिएल वाएथ नावाचा एक कल्पक माणूस त्याच्याबरोबर काम करू लागला. त्यानं घोड्यानं ओढायचं, नांगरासारखं बर्फ कापायचं अवजार तयार केलं. दोन समांतर पाती बर्फावर रेघा पाडत जायची. आधी हातानं कापलेले तुकडे वेडेवाकडे असायचे, आता एकसारखे चौकोनी ठोकळे निघू लागले. कापायचा खर्च तर घटलाच, पण ठोकळे विटांसारखे एकमेकांना चिकटून बसू लागले. मधल्या फटी गेल्या, हवा खेळायची वाट बंद झाली, बर्फ कमी वितळू लागला. ही सुधारणा झाली नसती तर हिंदुस्थानचा प्रवास बहुधा झालाच नसता.

कोलकाता आणि मुंबई

१२ मे १८३३ रोजी 'टस्कनी' नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कोलकात्याला निघालं. सुएझ कालवा अजून झालेला नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून, दोन वेळा विषुववृत्त ओलांडून, सुमारे पंचवीस हजार किलोमीटरचा चार महिन्यांचा प्रवास. भूगोलाच्या तासाला हा मार्ग नकाशावर बोटानं काढायला सांगा. सप्टेंबरमध्ये जहाज पोचलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता.

हिंदुस्थानात बर्फ अगदीच अनोळखी नव्हता. मोगल बादशहांकडं हिमालयातून बर्फ यायचा. बंगालमध्ये आणि उत्तरेकडं हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री उथळ मातीच्या भांड्यांत पाणी ठेवून पातळ बर्फ धरायची पद्धत होती. त्या भांड्यांखाली पेंढा अंथरायचे, जमिनीची ऊब वर येऊ नये म्हणून. म्हणजे दुर्वाहकाचं ज्ञान इथल्या कष्टकऱ्यांनाही होतंच. पण तो बर्फ थोडा, मळकट आणि महाग. समोर काचेसारखे स्वच्छ ठोकळे आल्यावर कोलकात्यातले इंग्रज हरखून गेले. जकात माफ झाली आणि माल रात्री गारव्यात उतरवायची परवानगी मिळाली. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंकनं ट्यूडरचा भागीदार रॉजर्स याला चांदीचा पेला भेट दिला. कोलकात्यात वर्गणी काढून बर्फघर बांधलं गेलं. ट्यूडर स्वतः मात्र हिंदुस्थानात कधीच आला नाही.

पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, अमेरिकेचा बर्फ मुंबईत उतरला. तो मागवणारी पेढी जहांगीर नसरवानजी वाडिया यांची. सर जमशेटजी जीजीभाय (ज्यांच्या नावाचं जे. जे. रुग्णालय आपल्याला माहीत आहे) यांनी आपल्याकडच्या मेजवानीत पाहुण्यांना आईस्क्रीम दिलं. थोड्या दिवसांनी 'मुंबई समाचार'नं बातमी दिली की यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाली! थंड खाल्लं की सर्दी होते, हा आपल्या घराघरातला वाद इतका जुना आहे. सर्दी विषाणूंमुळं होते हे आज माहीत आहे, तरी आजीपुढं कुणाचं चालतं?

पुढं १८४३ च्या सुमारास मुंबईत गोदीजवळ लोकवर्गणीतून घुमटाचं बर्फघर उभं राहिलं. जहाज वेळेवर आलं नाही की शहरात बर्फाचा दुष्काळ पडायचा. मद्रासलाही १८४२ मध्ये असंच बर्फघर झालं. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो वॉल्डन तळ्याकाठी राहत होता तेव्हा त्या तळ्यातला बर्फही ट्यूडरच्या माणसांनी कापला. आपल्या तळ्याचं पाणी मद्रास, मुंबई, कोलकात्याचे लोक पितात, ही कल्पना थोरोनं 'वॉल्डन' या पुस्तकात रंगवली आहे. एरवी आठवीच्या मुलांना थोरो गांधीजींच्या संदर्भात भेटतो. तो असाही भेटवता येतो.

हिंदुस्थानच्या व्यापारानं ट्यूडरला अक्षरशः वाचवलं. ऐन यशाच्या काळात त्यानं कॉफीच्या सट्ट्यात हात घातला होता आणि दोन लाख डॉलरहून जास्त रक्कम बुडवली होती. ते कर्ज फेडायला त्याला जवळपास पंधरा वर्षं लागली आणि त्यातला मोठा वाटा कोलकात्याच्या बर्फाचा. दरम्यान, १८३४ मध्ये, पन्नाशीत त्यानं युफेमिया फेनो या विशीच्याही आतल्या मुलीशी लग्न केलं. त्यांना सहा मुलं झाली. १८५६ मध्ये एकट्या बोस्टन बंदरातून १,४६,००० टन बर्फ जगभर गेला. तोवर या धंद्यात इतर कितीतरी लोक आले होते. पन्नास वर्षांपूर्वी ज्याच्यावर शहर हसलं होतं, त्याच शहराचा हा एक मोठा व्यापार झाला होता. ६ फेब्रुवारी १८६४ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी ट्यूडर वारला.

त्याच्यानंतर फार दिवस हे चाललं नाही. यंत्रानं बर्फ करायचे कारखाने निघाले आणि १८८० च्या दशकात हिंदुस्थानातली अमेरिकन बर्फाची आयात संपली. उष्णता अडवायचं काम मात्र पुढं सरकत राहिलं. १८९२ मध्ये जेम्स ड्यूअर या स्कॉटिश शास्त्रज्ञानं दुहेरी भिंतीच्या काचपात्रातली हवाच काढून टाकली. वहनाला आणि अभिसरणाला माध्यमच उरलं नाही. तोच आपला थर्मास. वारणेचं दूध घेऊन जाणाऱ्या टँकरकडं बघा. आत थंड केलेलं दूध, दोन पत्र्यांच्या मध्ये फोमचं भरण. हवानाच्या बर्फघराची ती चाकांवरची आवृत्ती आहे. मद्रासचं बर्फघर आज विवेकानंद हाऊस म्हणून उभं आहे, १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथं राहिले होते. मुंबईचं पाडलं गेलं, त्या जागी के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे.

वर्गात करताना

ट्यूडरचीच पद्धत वापरा. एकसारखे स्टीलचे पेले घ्या आणि एका साच्यातले, सारख्या वजनाचे बर्फाचे तुकडे. एक पेला उघडा, बाकीच्यांभोवती सारख्याच जाडीचं भरण: लाकडाचा भुसा, भाताचं तूस, वाळलेली उसाची चिपाडं, घोंगड्याचा तुकडा, चुरगाळलेलं वर्तमानपत्र, थर्माकोल. जाडी सारखी नसेल तर तुलनेला अर्थ राहत नाही, आणि बहुतेक वेळा प्रयोग इथंच बिघडतो. दर पंधरा मिनिटांनी वितळलेलं पाणी मोजपात्रात ओतून आकडा लिहायचा. सुरुवात करण्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहिलाच पाहिजे, नंतर सगळेच म्हणतात की आम्हाला आधीच माहीत होतं.

चकचकीत फॉइलही ठेवा. ते जिंकणार असं मुलांना हमखास वाटतं. फॉइल प्रारणानं येणारी उष्णता परतवतं, पण धातू असल्यानं पेल्याला घट्ट चिकटवलं तर वहन थांबवत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पेल्यांत गरम पाणी ओता आणि थर्मामीटरनं मोजा. बर्फ टिकवण्यात पुढं असलेला पेला गरम पाण्यालाही पुढं असतो का, हे मुलांनी स्वतः पाहिलं की घोंगड्याचा प्रश्न परत विचारायची गरज पडत नाही. ओलं फडकं किंवा माठ या तुलनेत आणू नका. तिथं बाष्पीभवनानं गारवा येतो, तो वेगळा पाठ आहे.

आणि बर्फ घरच्या फ्रीजमधला, पिण्याच्या पाण्याचाच आणा. लादीचा बर्फ पुष्कळदा नुसता माल थंड ठेवण्यासाठी केलेला असतो, आणि मोजून झालेलं पाणी मुलं पितातच.